आधी नंबर प्लेट बघायची

मेमरी कार्ड भरलं की मी ते रिकामं करतो आणि परत वापरतो. डोक्याचं तसं करता येत नाही. पेण-रोहा भागात अठरा वर्षं एका छोट्या वर्तमानपत्रासाठी फोटो काढतोय. छापलेले फोटो रद्दीत गेले, त्यांच्यात भजी बांधून झाली, पण किस्से तसेच आत पडून आहेत. चार मित्र चहाला बसले की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. मित्र हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? त्या-त्या वेळी मी अजिबात हसत नव्हतो. चांगलीच तंतरलेली होती माझी!

मी मुळात भित्रा माणूस. पाण्याला भितो, उंचीला भितो, पुढाऱ्यांना तर भितोच. पण खरी भीती एकच. माझा धाकटा भाऊ दिनू रोह्याकडच्या एका कंपनीत कंत्राटी फिटर आहे. रोज पेणहून बाईकनं जातो-येतो. आणि माझं काम असं, की कुठं काही वाईट झालं की पहिला फोन मला. एक दिवस मी कॅमेऱ्याला डोळा लावीन आणि समोर दिनू असेल, हे कायम पोटात असतं. बायको म्हणते, "अहो, असं मनात आणू नये." आणायला कशाला लागतंय? ते तिथं बिऱ्हाड करूनच बसलंय!

* * *

आमच्या पेपरात निधनवार्ता फोटोसकट छापतात. तो फोटो घरी जाऊन आणायचं काम माझं. घरात धड फोटो नसतोच. मग लग्नाच्या अल्बममधून आजोबा शोधायचे, शेजारचे दोन पाहुणे कापायचे. त्यामुळं माझी बाईक कुणाच्या दारात लागली की आळीतली माणसं हळूच विचारतात, "कोण गेलं?"

एकदा एका घरासमोर माझी गाडी पंक्चर झाली. नेमके त्या घरातले तात्या महिनाभर अंथरुणावर होते. मी गाडी स्टँडला लावली आणि आतून सून धावत आली. मला बघितलं आणि तिथंच मटकन बसली. "सांगा ना, कुणी कळवलं तुम्हाला?" तिला वाटलं, सासरे आतल्या खोलीत वारले आणि आपल्या आधी पेपरवाल्यांना कळलं!

मी नाही-नाही म्हणतोय तोवर आतून तात्यांचाच आवाज आला. "कोण, फोटोवाला हाय काय? थांबव त्याला. टोपी घालतो."

मी म्हटलं, "तात्या, मी फोटोसाठी नाही आलो."

"आलायस तर काढून घे. मागनं बरा येत नाय."

काढला. तात्या दर वेळी टोपी नीट करत, म्हणून तीनदा काढावा लागला. पावसाळ्यानंतर तोच छापला. टोपी अगदी सरळ होती.

* * *

पेणला राहून गणपतीच्या कारखान्यात फोटो काढला नाही असा फोटोग्राफर नसेल. आमचे जनूकाका आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. कारखान्यात बाकी सगळं कुणीही करतं, डोळे मात्र काकाच. आणि त्यांचा नियम असा, की डोळे रेखल्याशिवाय मूर्तीचा फोटो काढायचा नाही, काढला तर आखणाऱ्याचा हात जातो. मला हे माहीत नव्हतं.

फळीवर शे-दीडशे गणपती रांगेत बसलेले, एकालाही डोळे नाहीत. मला फ्रेम आवडली. दाबलं बटण. मागून असा काही ओरडा आला की कॅमेरा हातातून सुटता सुटता राहिला.

काका हातातल्या ब्रशसकट धावत आले. सत्तरीच्या माणसाला इतकं घाबरलेलं मी आधी बघितलं नव्हतं. "माझा हात गेला तर? अजून एवढे बाकी हायत. कोण करील?" त्या दिवशी त्यांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. मालक माझ्याकडे बघेना. मीही मनातल्या मनात त्या दीडशेंची माफी मागत होतो.

फोटो त्यांच्यासमोर डिलीट केला. काकांनी चष्मा चढवून स्क्रीन तपासली. म्हणाले, "क्लाऊडवर गेला असंल तर तिथनं पण काढ. माझी नात पुण्याला कॉम्प्युटर शिकते. मला सगळा म्हाईत हाय!"

* * *

पुढाऱ्याचा किस्सा छोटाच आहे. उद्घाटनाच्या गर्दीत नारळ फोडताना साहेबांचा नुसता हात आला. तोच फोटो छापला. सकाळी सातला त्यांच्या माणसाचा फोन. "साहेबांचा फक्त हात दिसतोय."

"गर्दी होती हो."

"व्हय? परत असा केलास ना, तर तुझा पण फक्त हातच दिसंल!"

तेव्हापासून मी साहेबांचा फोटो आधी काढतो, कार्यक्रमाचा नंतर.

* * *

नागोठण्याला अंबा नदी बाजारात शिरली त्या दिवशी मी कमरेभर पाण्यात उभा होतो, कॅमेऱ्याची बॅग डोक्यावर. मला पोहता येत नाही. हे संपादकांना मी कधी सांगितलेलं नाही. पायाखालून काहीतरी सरपटत गेलं आणि मी देवाधर्मातली जेवढी नावं येतात तेवढी घेतली.

समोर मुश्ताकभाईंचं किराणा दुकान. स्वतः पत्र्यावर चढून बसलेले, शेजारी तांदळाच्या दोन गोणी. मी कॅमेरा काढला तसे ते ओरडले, "पाण्याचा काढ! माझा नको!"

"का हो भाई?"

"पोरगा कुवेतला हाय. मोबाईलवर बघितलान तर नोकरी टाकून येईल. मी त्याला सांगितलाय, पाणी लांब हाय."

मी लेन्स फिरवली. पण पूर्ण फिरली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर कोपऱ्यात पत्रा, पत्र्यावर भाई. पाणी ओसरल्यावर माफी मागायला गेलो, तेव्हा ते चिखल उपसत होते. कानाला फोन, पलीकडे मुलगा रडत असावा. भाई शांतपणे सांगत होते, "अरे, तो मी नाय. तो दुसरा कोण तरी हाय. माझ्यासारखा दिसतो."

* * *

कोलाडजवळ बाईकला ट्रकनं उडवलं, असा फोन आला. दिनू तिथूनच रोह्याला वळतो. मी पेणहून कसा पोचलो ते मला आठवत नाही. गाडीवरून उतरलो, कॅमेरा गळ्यातच होता, सरळ बाईकच्या मागं गेलो आणि नंबर प्लेट वाचली. दुसराच नंबर. मग दगडावर बसलो. जी सुटका वाटली तिची लाज अजून वाटते, कारण रस्त्यावर पडलेला तो कुणाचा तरी दिनू होताच की.

तिथला हवालदार माझ्या ओळखीचा. पाण्याची बाटली पुढं करत म्हणाला, "नेहमी बघतो मी. बाकी सगळे आधी माणूस बघतात. तुम्ही आधी नंबर प्लेट बघता."

मी बाटली घेतली.

तो खाली बसत म्हणाला, "माझी मुलगी पण स्कूटीवर जाते. मी पण तेच बघतो."

* * *

आता शेवटचा. हा मी चहाच्या टपरीवर सांगत नाही.

दिनूच्या कंपनीत आग लागली तेव्हा पहिली शिफ्ट चालू होती. मी पोचलो तर गेट बंद, आत पिवळट धूर आणि बाहेर बायामाणसांची गर्दी. मोबाईल गेटवर जमा करून आत जायचं असतं, त्यामुळं फोन कुणालाच लागत नव्हता. वॉचमनकडं यादी होती, पण ती कंपनीच्या कामगारांची. कंत्राटी माणसांची नावं कंत्राटदाराच्या वहीत, आणि वही आत.

गेटपासून प्लँटजवळच्या वळणापर्यंत लांबलचक सरळ रस्ता. त्यावरून माणसं एकेक करून चालत येत होती. सगळ्यांची हेल्मेटं पिवळी, सगळ्यांच्या तोंडाला ओली फडकी. लांबून कोण कुठला काही कळेना. मी मोठी लेन्स लावली आणि दिनूला शोधायला लागलो.

शेजारच्या म्हातारीनं माझी बाही ओढली. "बाबा, तुला लांबचा दिसतो ना? आमचा येतो काय बघ. पायात त्याच्या लाल मोजे हायत."

"हो आजी. लाल मोजेवाला येतोय."

ती जोरात रडायला लागली आणि मग सगळ्याच माझ्याभोवती गोळा झाल्या. "माझा बघा, बुटका हाय." "माझ्यावाल्याच्या हातात कडा हाय." "शर्टाची उजवी बाही फाटलेली, आज सकाळीच बोललेली मी, शिवून देते म्हणून!" मी डोळा लावून ओरडत होतो, "कडंवाला आला! फाटक्या बाहीचा आला!" खिशात संपादकांचा फोन वाजत होता. मी एकही फोटो काढला नाही. प्रत्येक हेल्मेट वळणावर दिसलं की काळीज उडायचं आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी निघायचं.

माणसं येत गेली, गर्दी घटत गेली. शेवटी रस्ता रिकामा झाला आणि गेटवर दोघंच उरलो. मी आणि एक तिशीची बाई, कंपनीच्या मागच्याच गावातली. इतका वेळ ती पुढं आलीच नव्हती.

"तुमचं कोण?" मी विचारलं.

"नवरा. कंत्राटातला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि तुमचा?"

तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, मी ड्युटीवर आहे.

"भाऊ," मी म्हटलं.

तेवढ्यात वळणावर एक हेल्मेट दिसलं. एकच. मी कॅमेरा वर केला, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काच धूसर. मी पट्टा गळ्यातून काढला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. "ताई, तुम्ही बघा. मला जमत नाही."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याला डोळा लावला असावा. बराच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडावर काही दिसेना.

"तुमचा भाऊ कसा चालतो?"

"डावा खांदा पाडून. लहानपणी झाडावरून पडला होता."

ती अजून बघत होती. मग तिनं कॅमेरा खाली घेतला.

"तुमचाच हाय."

मी गेटच्या गजांना धरून उभा राहिलो. दिनू खरंच येत होता, खांदा पाडून, खोकत. मी त्याच्याकडं पळणार तेवढ्यात तिनं पदरानं कॅमेऱ्याची काच पुसली आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला.

"जाऊ नका. आता माझा बघा."

मी परत डोळा लावला. रस्ता रिकामा होता.

"कसा चालतो?" मी विचारलं.

"झपाझप," ती म्हणाली. "नेहमी सगळ्यांच्या पुढं असतो."