एका टाकीत किती पिल्लं

"ओ भाऊ, थांबा! लेकरं मारून राह्यले का?"

पोंभुर्ण्याकडच्या मत्स्यबीज केंद्रावरचा तो म्हातारा असा ओरडला की, खोटं नाही सांगत, तलावावरचे बगळे थेट तेलंगणात जाऊन उतरले. मी फक्त रोहूच्या पिल्लांचे दोन डबे एकाच टाकीत ओतत होतो.

त्यानं चहाच्या गाळणीनं अर्धी पिल्लं उचलून शेजारच्या टाकीत सोडली. इतक्या हळू, की तेवढ्यात माझी दाढी वाढली.

"गर्दीत थोडे मरते, बाकीचे खुरटते. जागा भेटली का बोटाएवढे होते."

मग बिडी काढली, पण पेटवली नाही.

"माह्या घरी एक खोली अन् पाच पोरं. मले वाटलं, हे बी खुरटतीन. मीच एकेकाले धाडलं, पुण्याले, हैदराबादले. मस्त वाढले."

बोलताना त्याचं बोट पाण्यात होतं. पिल्लं जवळ यायची, वळून जायची, बोट तिथंच. एरवी कुणाच्याही दुःखावर माझ्याकडे एक रचलेली थाप तयार असते. तेव्हा मात्र मी हातातला डबा खाली ठेवला.

"सणावाराला तरी येत असतील?" मी विचारलं.

"फोन येते," तो म्हणाला.