मोनो म्हणजे एक

आमच्या गल्लीत इंग्रजीची ट्युशन घेणारे सर एखादा शब्द फोडून दाखवल्याशिवाय चहाचा घोटही घेत नसत. "बाय म्हणजे दोन, म्हणून बायसिकल. ट्राय म्हणजे तीन, म्हणून ट्रायसिकल." वर समोरच्याच्या नाकापुढे तितकी बोटं नाचवायची. त्यांची ही खोड माझ्या डोक्यात जायची.

बोंडअळीच्या त्या वर्षी सर आणि मी यवतमाळच्या एका कृषी केंद्रात उभे होतो. मोनो म्हणजे कपाशीवर फवारायचं विष, पण आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात. दुकानदार फवारणीच्या मजुराला मोनोत आणखी दोन औषधं मिसळायला सांगत होता. एरवी छापील बोलणारे सर कडाडले, "मोनो म्हणजे एक! त्याच्यात कायले मिसळाले लावून राह्यला बे?"

"सर, इंग्रजी ट्युशनमधी शिकवा," दुकानदार हसला.

मजूर डोळे चोळत म्हणाला, "सर, कालपासून मले एकाचे दोन दिसून राह्यले. त्याले काय म्हणते इंग्रजीत?"

सर त्याचा दंड धरून दवाखान्याकडे निघाले. दारातून वळले आणि एकच बोट दुकानदारावर रोखून म्हणाले, "याले एका माणसाचे दोन दिसून राह्यले. तुले तं एकही दिसत नाही."