केरबाच्या आईसमोर कमांडर

हंबीरराव आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी मास्तर झालो, तो लढाईच्या काळात आरमारात इंजिनियर म्हणून गेला. स्वातंत्र्यानंतर भराभर वर चढला, आणि १९५६ साली कमांडरचा कॅप्टन होणार असं पत्र आलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीनं लगेच सत्कार ठरवला. मानपत्र मीच लिहिलं.

‘हाताखालच्या माणसांवर पित्यासारखी माया’ हे वाक्य मी वाचत होतो, तेवढ्यात हंबीरराव उठला, मंडपामागं गेला आणि भडभडून ओकला. लोक म्हणाले, साहेबांना आता आपला रस्सा सोसत नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हा भिंतीकडं बघत त्यानं सांगितलं.

“जहाजावर वाफेचा एक नळ झिजला होता. मी दोनदा लिहून दिलं. पण कप्तानाला मोठ्या पाहुण्यांपुढच्या संचलनात जहाज न्यायचंच होतं. नळ फुटला. आत कुरुंदवाडचा केरबा खलाशी होता. बाहेर काढला तर हाताची कातडी माझ्या हातात आली. वाचला नाही.”

“मग?”

“चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं, केरबानं झडप चुकीची उघडली. इंजिनांचा प्रमुख मी, माझी सही लागत होती.”

“केलीस?”

“केली. आणि आता ही बढती.”

मला त्याची किळस आली. ते मानपत्र माझ्याच अक्षरात होतं, त्याचीही आली. मी म्हणालो, “हे मला सांगून काय उपयोग? त्याच्या घरी जाऊन सांग.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं कुरुंदवाडला गेलो. केरबाची आई तानाबाई दारात मिरच्या निवडत बसली होती. हंबीररावानं उभ्यानंच सगळं सांगितलं आणि पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

“माझं पोर येंधळं न्हवतं, हे मला ठावं हाय,” ती म्हणाली. “दोन वरसं गाव म्हणतंय, तुझ्या लेकानं सरकारचं जहाज बिघडवलं. तवा का बोलला न्हाईसा?”

“भ्यालो.”

“मग मला कशाला सांगतासा? जितं खोटं लिवलंय तितं जाऊन सांगा की.”

तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. आम्ही निघालो.

त्यानं आरमाराकडं खरं काय ते सांगणारं नवं निवेदन लिहून पाठवलं. बढती थांबली, मग त्याला नोकरीच सोडावी लागली. त्या कप्तानाला कुणी काही विचारलं नाही. तो आणखी वरच्या हुद्द्यावर गेला. तालमीनं हंबीररावाचा फोटो उतरवला, आणि ज्यांनी हार घातले होते तेच त्याला नोकरी घालवलेला येडा म्हणू लागले. तो कळंब्याला राहून विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करू लागला.

१९५८ च्या अखेरीस तानाबाईला एक सरकारी कागद आला: मृत खलाशाचा दोष नव्हता. दोन ओळी, खाली कुणाची तरी न वाचता येणारी सही. तिनं तो गावाच्या चावडीवर सगळ्यांदेखत माझ्याकडून वाचून घेतला. मोठ्यानं, दोनदा. हंबीररावाला तिनं बोलावलं नव्हतं. मी कळंब्याला जाऊन त्याला ते सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “बरोबर केलं तिनं,” आणि तेलकट हातानं पुन्हा इंजिनाचा पाना फिरवू लागला.