अनुजाच्या नावावरच्या एकतीस लागणी

स्क्रीनवर एकतीस लबाड्या, आणि प्रत्येकीपुढं आपलंच नाव. अनुजा चौगुलेनं यादी परत वरनं वाचली.

आमच्या साखर कारखान्याच्या शेती ऑफिसातला सर्व्हर ही अनुजा सांभाळती. सर्व्हर कसला, टेबलाखालचा साधाच कॉम्प्युटर, वर फडकं टाकलेला. पण बाकीचे सात कॉम्प्युटर त्याच्याच पोटातलं वाचतात. चाळीस गावांच्या ऊस लागणीच्या तारखा त्यात. ज्याची लागण आधी, त्याला ऊसतोड आधी.

पहिल्यांदा तिनं प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिलता. दोन दिवसांत सगळे विसरले. "तुझाच सांग की अनुजा. आम्ही काय परकं हाय व्हय?" अशाला न्हाय म्हणायचं म्हंजे माणूसच तोडायचं. मग आठी टेबलांवर अनुजाच झाल्या.

आज सकाळी तानाबाई दारातनंच ओरडत आली. "माझी लागण जूनची. ऑगस्टवाल्याला तोड आधी कशी गं?"

"मावशी, मशीन चुकत न्हाय," म्हणत अनुजानं बदलांची नोंद उघडली, आणि तोंडावरचं हसू जागीच वाळलं. एकतीस लागणी मागच्या तारखेला सरकवलेल्या.

"तू गं?" तानाबाई म्हणाली.

तक्रार वर गेली, तर बावीस वर्सांची नोकरी आणि नाव, दोन्ही चरकात. तरी ती खाली वाचत गेली. कॉम्प्युटर तिचाच. वेळ रोज एक ते दीड, तिच्या जेवणाची. तेवढा वेळ तिच्या खुर्चीत फोन घ्यायला बसतात आकारामदादा. पहिल्या दिवशी तिला काम शिकवलं ते ह्यांनीच. आणि एकतिसी लागणी दादांच्या सासरवाडीच्या.

तिनं विचारल्यावर दादांनी आढेवेढे घेतले न्हाईत. "पावण्यांनी लई धरलं. आणि तुझं नाव बघितलं की कोण तपासत न्हाय. म्हणून तुझ्या नावानं केलं."

ह्याचा दणका पहिल्यापेक्षा मोठा बसला. बावीस वर्सं घासूनपुसून ठेवलेलं नाव, आणि ह्या माणसानं ते विळ्यागत वापरलं!

अनुजा रडली न्हाय. तिनं आपला पासवर्ड बदलला. सातही टेबलांवर कालवा उठला, तिकडं तिनं बघितलंसुदिक न्हाय. नवीन नाव उघडलं: आकाराम. खुर्ची पुढं सरकवली.

"बसा दादा. तारखा होत्या तशा करा. तुमच्या नावानं."

"आत्ता? हिच्यासमोर?"

"करा की सावकाश," तानाबाईनं पदर खोचला आणि समोरच बैठक मारली, "मला कुठं आज तोड हाय?"