गटारापाशी काढलेल्या चपला

चेंबरचं झाकण उचलण्याआधी तो पायातल्या चपला काढून बाजूला ठेवायचा. गटारापाशी चपला काढणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मीही तोवर पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "कुणाच्या घरात शिरायचं, तर पायात कशाला?"

इस्लामपुरात ड्रेनेजच्या पाइपात कॅमेरा सोडून बिघाड शोधायचं काम तो करायचा. मूळचा आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आजा मेंढरं हाकायचा, हा वायर हाकायचा. वायरीचं वेटोळं सोडताना जिभेनं ट्रर्र ट्रर्र करायचा आणि टोकाच्या लुकलुकत्या कॅमेऱ्याला सांगायचा, "दमानं गड्या, दमानं." कॅमेरा ऐकायचा. आमच्या घरात माझं इतकंही कुणी ऐकत नाही.

आमच्याकडं तो आला तो माझ्या हुशारीमुळं. माझ्या न्हाणीत पाणी तुंबायचं. माझी आणि शेजारच्या थोरल्या भावाची ड्रेनेजची लाइन एकच. माझ्या अंगणातून निघते, भिंतीखालून दादाच्या अंगणात जाते आणि तिथून रस्त्याला. दादाच्या अंगणात आंबा आहे, वहिनींनी कोय पुरून वाढवलेला. वहिनी गेल्या त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पण मी पडलो शास्त्राचा मास्तर. एवढं झाड म्हणजे एवढी मुळं, असा हिशेब करून निकाल दिला की आंबा तोडावा लागेल.

दादा भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तू शिकल्याला माणूस. तोडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड तोडणारा येणार होता. आदल्या दुपारी कॅमेरा आला, तो बायकोच्या हट्टापायी. माझ्या शास्त्रावर तिचा पहिल्यापासून विश्वास नाही.

दादाच्या फाटकाजवळच्या चेंबरात त्यानं वायर सोडली. पेटीतल्या पडद्यावर गोल, ओलसर बोगदा उजळला. बाहेर टळटळीत ऊन, आणि आत कुणी कंदील घेऊन सावकाश चाललंय असं वाटत होतं. थेंब लकाकायचे, मागं सरायचे. कोपऱ्यात मीटरचे आकडे सरकत होते. त्या उजेडाकडं बघता बघता मी तिथं कशाला बसलोय तेच विसरलो. दादा ओट्यावर बसला होता, आंब्याकडं पाठ करून.

"आंबा आला," कॅमेरावाला हळूच म्हणाला, एसटीत शेजाऱ्याला गाव सांगावं तसं.

आंब्याखालचा पाइप कोरा होता. मुळाचा एक केसही नाही.

मग भिंत गेली. माझं अंगण लागलं. आणि सांध्यातून पांढरी, बारीक मुळं उतरलेली दिसली, धुतलेल्या लोकरीसारखी, ठिबकत्या पाण्यात हलणारी. त्यांच्या बरोबर वर माझं रबराचं झाड. शोभेला म्हणून मीच आणलेलं. नर्सरीवाला म्हणाला होता, याची काही कटकट नाही.

दादाजवळ चष्मा नव्हता. मी गप्प बसलो असतो तर आंबा गेला असता आणि माझं शास्त्र राहिलं असतं. खोटं कशाला सांगू, एक चहा होईल एवढा वेळ मी गप्प बसलोही.

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, दावायचं काम माझं. सांगायचं तुमचं." आणि वायर धरून तसाच बसला. घाई त्याला कधीच नसायची.

"दादा," मी हाक मारली, "आंबा न्हाई. माझंच झाड हाय."

दादा आला. डोळे बारीक करून पडद्यावर वाकला. मला वाटलं, आता ऐकवणार.

"किती गोरी मुळं हायती रं," तो म्हणाला. मग जाऊन आंब्याच्या बुंध्याला टेकून उभा राहिला, आमच्याकडं पाठ करून.

सकाळी तोडणारा आला, आणि भिंतीच्या अलीकडं, माझ्या अंगणात कामाला लागला.

यंदा पाणी पुन्हा जरा मंद उतरायला लागलं म्हणून कॅमेरावाल्याला फोन केला. तर तो गावी परतला होता. त्यांच्या कोरड्या शिवारात कालव्याचं पाणी आलंय, डाळिंब लावलंय, म्हणाला. "लय वर्सं खाली वाकून बघितलं, सर. आता फुलं बघतो." मी विचारलं, मग आमच्या पाइपचं काय? "उतरंल पाणी. दमानं."

त्या दुपारचं चित्रण त्यानं माझ्या मोबाइलवर दिलं होतं. दादा अधूनमधून मागून घेतो, आता चष्मा लावून. बोगदा मागं मागं येत राहतो, थेंब, उजेड, पुन्हा थेंब. अगदी शेवटी कॅमेरा चेंबरातून वर निघतो, तेव्हा क्षणभर आभाळ दिसतं, आंब्याची पानं दिसतात, आणि वाकलेला त्याचा चेहरा. मग कडेला ठेवलेल्या दोन चपला. आणि पडदा काळा होतो.