आठ कार्बाइन आणि डोमाजींची सवय

"सोमवारपासून कैद्यांच्या एस्कॉर्टच्या सगळ्या जीपवर कार्बाइन द्या. रायफली जमा करून घ्या," असे म्हणत साहेबांनी सहीसाठी पेन उघडले.

मी म्हणालो, "सर, शुक्रवारपर्यंत वेळ द्या. फायदे-तोटे लिहून आणतो."

"तोटे कसले? आखूड आहे, हलकी आहे, जीपच्या ताडपत्रीतून नळी बाहेर येत नाही."

"हे फायदे झाले, सर."

साहेब पुण्याकडचे, नवेच बदलून आलेले. ते हसले आणि पेन मिटले. "बरं. शुक्रवारी रेंजवर दाखवा."

आणीबाणी उठून दोनेक वर्षे झाली होती. मी वर्ध्याला पोलीस मुख्यालयात आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे हत्यारे जपणारा, दुरुस्त करणारा, वाटणारा आणि संध्याकाळी परत मोजून घेणारा. कार्बाइन म्हणजे पिस्तुलाचीच छोटी गोळी वापरणारी आखूड बंदूक. आमच्याकडे आठ आल्या होत्या, जुन्या धाटणीच्या आणि आधी कुणीतरी भरपूर वापरलेल्या.

मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे: जीपमध्ये बसून धरता येते, धक्का कमी बसतो, शिकायला सोपी, गोळी पिस्तुलाचीच, म्हणून साठा एकच. उजवीकडे तोटे: शंभर यार्डांपुढे भरवसा नाही, घोडा दाबून धरला तर मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, डोळे मिटायच्या आत रिकामी.

एवढ्यात हेडकॉन्स्टेबल डोमाजी आले आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागले.

"भाऊ, तोटे काऊन लिहून राह्यले?"

"साहेबांनी मागितले."

"साहेबानं नाई मागितले. तुमीच मागून घेतले. मले समदं समजते."

डोमाजींना कार्बाइन हवी होती, आणि त्याला कारण होते. आर्वीहून कैद्यांना वर्ध्याच्या कोर्टात आणणारी पार्टी त्यांची. घर आर्वीजवळच्या तळेगावला, मागे वांग्या-टोमॅटोची वाडी. आदल्या वर्षी बैल उधळला आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. तेव्हापासून थ्री-नॉट-थ्री रायफलचा धक्का त्यांना सोसत नव्हता. वार्षिक फायरिंगमध्ये ते एकदा नापास झाले होते. आता पुन्हा झाले, तर एस्कॉर्ट सुटणार आणि मुख्यालयाच्या गेटवर ड्यूटी लागणार, घरापासून दूर. निवृत्तीला तीन वर्षे होती.

"माह्या खांद्याचं कोन्या बाजूले लिहिलं?" त्यांनी विचारले.

"खांद्याचा रकाना नाही, डोमाजीभाऊ."

"मंग आखा ना बाप्पा!"

शुक्रवारी रेंजवर पहिला नंबर त्यांचाच लावला. पंचवीस यार्डांवर त्यांनी टार्गेटची चाळणी केली. पन्नासवरही चांगले गेले. शंभरवर निम्म्या गोळ्या मागच्या मातीच्या बांधात गेल्या. पण तो दोष त्यांचा नव्हता, गोळीचा होता. मी उजव्या बाजूला टिक केली.

फायरिंग संपले. मी कार्बाइन रिकामी करून तपासली, आणि मॅगझीन कशी बसते हे साहेबांना दाखवायला डमी काडतुसे भरलेली पेटी लावून ती डोमाजींच्या हातात दिली. डमीत दारू नसते.

साहेब पुढे आले. "शाब्बास, डोमाजी!"

डोमाजी ताडकन सावधान झाले आणि कार्बाइनची बट, म्हणजे मागचा दस्ता, त्यांनी दाणकन जमिनीवर ठोकली. रायफल घेऊन बावीस वर्षे परेड केलेला माणूस दुसरे काय करणार?

आतून आवाज आला, "खटाक!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "हा आवाज कसला?"

"सर, गोळी सुटली असती."

या धाटणीच्या कार्बाइनमध्ये आत एक जड लोखंडी ठोकळा असतो. बट आपटली की तो मागे उसळतो, परत येताना पेटीतली वरची गोळी नळीत ढकलतो आणि तिथेच उडवतो. घोड्याला बोट लावायची गरज नाही. नळीचे तोंड खालून डोमाजींच्या हनुवटीच्या रोखाने होते. त्यांनी ती हळूच बाजूला धरली आणि मिशीवरून हात फिरवला, जागेवर आहे का ते पाहायला.

"आठही परत पाठवा," साहेब म्हणाले.

डोमाजींचा चेहरा उतरला. मी घाईने कागद काढला. "सर, तिसरा तोटा आत्ता सापडला. त्याच्यापुढे उपायही लिहितो. जीपमध्ये पेटी पाऊचमध्ये राहील, हुकूम मिळाल्यावरच बंदुकीला लागेल. कार्बाइन पट्ट्याने छातीवर, बट जमिनीला टेकवायची नाही. आणि प्रत्येक जीपमध्ये एक रायफल राहू द्या, लांबच्यासाठी."

"बावीस वर्षांची सवय जाईल?"

"आठ दिवस द्या, सर."

ते आठ दिवस मुख्यालयात मजेत गेले. रिकामी कार्बाइन छातीवर घालून डोमाजी दिवसभर फिरायचे. कुणीही अचानक "सावधान!" ओरडायचे. बट जमिनीला लागली की त्याला डोमाजींनी चहा पाजायचा. पहिल्या दिवशी अर्धे मुख्यालय त्यांचा चहा प्यायले.

"भाऊ, हे पोट्टे मले मुतारीतबी सावधान करून राह्यले," त्यांनी तक्रार केली.

"मग? ठोकली?"

"नाई. तिथं नाई ठोकली."

पाचव्या दिवसानंतर कुणाला चहा मिळाला नाही. नवव्या दिवशी साहेबांनी स्वतः मागून येऊन आवाज दिला. डोमाजी सावधान झाले. कार्बाइन छातीवरच राहिली. साहेबांनी तिथेच माझ्या कागदावर सही केली: प्रत्येक जीपमध्ये एक कार्बाइन, एक रायफल. वार्षिक फायरिंग डोमाजी कार्बाइनवर पास झाले आणि आर्वीची पार्टी त्यांच्याकडेच राहिली.

मी त्यानंतर पुष्कळ हत्यारांच्या अशा याद्या केल्या. प्रत्येकीची पहिली ओळ एकच असे: हे कोण धरणार, आणि त्याच्या हाताला काय सवय आहे? लांबी, वजन, पल्ला त्याच्या खाली.

तीन वर्षांनी डोमाजींच्या निरोपसमारंभात आम्ही त्यांना पितळी मुठीची काठी दिली. साहेब म्हणाले, "शाब्बास, डोमाजी!" ते ताडकन सावधान झाले आणि काठी त्यांनी दाणकन फरशीवर ठोकली.

पहिल्या रांगेत दोघेच खाली वाकले. मी आणि साहेब.