नऊचा आकडा

आमच्या यवतमाळच्या घरात वरच्या खोलीत नेरचा एक भाडेकरू राहतो. तो प्रत्येक गोष्टीला आकडा देतो. माझ्या वांग्याच्या भाजीला दोन, ऑटोवाल्याच्या "आलोच"ला तीन. दोन म्हणजे बरोबर, तीन म्हणजे शंका. ही त्याच्या कामाची भाषा. समुद्रात धुरातला किती कार्बन मुरला ते देशोदेशींची जहाजं मोजतात आणि त्यांचे तक्ते हा इथे बसून तपासायचा, प्रत्येक मोजणीपुढे असा आकडा लिहायचा. समुद्र मात्र त्याने अजून पाहिलेला नाही.

यंदा एकेका देशाने जहाज पाठवणं बंद केलं. रकाने रिकामे येऊ लागले. त्याच्या साहेबांचा निरोप आला, की गेल्या वर्षीचे आकडे टाका, नकाशा भरलेला दिसला पाहिजे. याने प्रत्येक रिकाम्या रकान्यात नऊ लिहून पाठवलं.

"नऊ म्हंजे काय रे?" मी विचारलं.

"मोजलंच नाही, काकू."

"मंग शून्य लिही नं."

"शून्य म्हंजे मोजलं आन् काही नाही निघालं. हे तर कोणी पाह्यलंच नाही. धूर तर जाऊनच राह्यला नं पाण्यात!"

त्याचं काम गेलं. तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो लॅपटॉप उघडतो. चहा द्यायला जावं, तर पडद्यावर तोच तक्ता, खालपर्यंत नुसते नऊ.

काल न राहवून विचारलं, "बरा आहेस नं रे?"

पूर्वी लगेच म्हणायचा, "दोन, काकू."

काल त्याने मान वर केली नाही. "नऊ," म्हणाला.